दिव्यांचे दप्तर

पंढरपूरच्या वाटेवरील एका लहानशा स्टेशनावर कार्तिक शुद्ध दशमीची रात्र पडली आहे. साल १९५२च्या आसपासचे, वेळ आठाच्या सुमाराची. तिकीटघराच्या खिडकीतून कंदिलाचा पिवळा उजेड बाहेरच्या फरसबंदीवर आला आहे, त्या उजेडाच्या कडेशी पडशी उशाला घेऊन दोन म्हातारे वारकरी आडवे झाले आहेत, पलीकडे निंबाखाली गॅसबत्तीच्या भोवती एका दिंडीचे भजन रंगात आले आहे, आणि चहाच्या टपरीत चुलीवर वाकलेल्या माणसाचे तोंड तेवढे तांबूस दिसते आहे, बाकीचा देह अंधारात आहे. पंढरपूरकडे जाणारी शेवटची गाडी अजून यावयाची आहे. हे सगळे जग चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा प्लायवूडच्या एका फळीवर मावलेले असून ती फळी पुण्यातील एका जुन्या पेठेत, एका निवृत्त विद्युत अभियंत्याच्या माडीवर, लोखंडी घोडीवर ठेवलेली आहे.

आगगाड्यांच्या प्रतिकृतींचा छंद आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली खुले केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पुण्यातील पुष्कळ मुलांनी कधी ना कधी पाहिलेले असते. आणि हॅम्बुर्ग बंदरातील जुन्या वखारींच्या वस्तीत फ्रेडरिक व गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली उघडलेल्या ‘मिनिआटुर वुंडरलँड’ची कीर्ती तर सर्व जगात पसरलेली आहे. तेथे दर पंधरा मिनिटांनी दिवस मावळतो, गावेच्या गावे दिव्यांनी उजळतात, आणि पाहणारा त्या वैभवाने थक्क होऊन बाहेर पडतो. या लेखाचा विषय मात्र अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. या फळीवरील दिवे दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून संपतात. परंतु त्यांतील एकही दिवा असा नाही, की ज्याची चौकशी केली असता त्याचा धनी कोण, तो लावला कशासाठी आणि विझणार केव्हा, याचे उत्तर मिळू नये. माझ्या मते लहान देखाव्याच्या कलेचे मर्म या चौकशीतच आहे.

या निवृत्त अभियंता गृहस्थांनी देखाव्यासाठी बार्शी लाईट रेल्वे निवडली, त्यास भावनेइतकेच गणितही कारण झाले. त्यांच्या पत्नीचे, म्हणजे वहिनींचे, माहेर बार्शीचे, हा भावनेचा भाग. गणित असे, की प्रतिकृतींच्या ज्या प्रमाणास ‘एचओ’ म्हणतात त्यात मूळचा एक फूट साडेतीन मिलिमीटरांचा होतो, म्हणजे प्रत्येक वस्तू सुमारे सत्त्याऐंशी पटींनी लहान होते, आणि बाजारात त्या प्रमाणाचा म्हणून जो रूळ मिळतो त्याची रुंदी साडेसोळा मिलिमीटर असते. ही रुंदी युरोप-अमेरिकेतील चार फूट साडेआठ इंची लोहमार्गाची आहे. आपली साडेपाच फुटी ब्रॉडगेज त्याच प्रमाणात काढावयाची तर सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते; तेव्हा आपल्या मेलगाड्या तयार रुळांवर चालविणारा प्रत्येक छांदिष्ट आरंभीच पावणेतीन मिलिमीटरांची तडजोड पत्करीत असतो. बार्शी लाईनचे रूळ अडीच फुटी. साडेतीनने गुणिले असता पावणेनऊ मिलिमीटर होतात. आणि ‘एन’ नावाच्या अधिक लहान प्रमाणाचा नऊ मिलिमीटरांचा रूळ सर्वत्र विकत मिळतो. पाव मिलिमीटराची ही तफावत कोणाच्याही डोळ्यांस सलणारी नव्हे.

ज्या लाईनीचा हा देखावा, तिचा इतिहासही मोठा चित्तवेधक आहे. एवरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता आरंभी जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हा दंडक इंजिनापासून मालडब्यापर्यंत सर्वांस सारखा लागू केला, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल व माणसे वाहता येतात, हे त्याला सिद्ध करून दाखवावयाचे होते. त्याने आखलेली लाईन १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोचली. वारीच्या दिवसांत प्रवाशांचे डबे अपुरे पडत आणि मालडब्यांतूनही वारकरी वाहून न्यावे लागत. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली, आणि पुढे टप्प्याटप्प्याने तिचे रूळ उखडून तेथे ब्रॉडगेज आली. माडीवरील स्टेशन या लाईनीच्या पंढरपूर फाट्यावरचे असले तरी ते काल्पनिक आहे. खऱ्या स्टेशनाचे सोंग आणून त्यात चुका करण्यापेक्षा, त्या मुलखात शोभेल असे नवे स्टेशन प्रामाणिकपणे वसवावे, हे धोरण मला विशेष पसंत पडले.

देखाव्याचा आरंभ जमिनीपासून होतो. थर्माकोलचे तुकडे कोरून त्यांवर प्लास्टरचा पातळ थर दिला, की उंचसखलपणा तयार होतो. खरे कसब मातीत आहे. या गृहस्थांनी कुर्डुवाडीच्या परिसरातील शेतातून काळी माती मुद्दाम आणविली, उन्हात वाळविली, चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून चाळली, आणि कागदात गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यावरून सावकाश फिरविले. कागदाच्या पाठीवर काळ्या कणांची दाट लव उभी राहिलेली मी पाहिली, तेव्हा हा खटाटोप कशासाठी हे ध्यानात येईना. दख्खनचा दगड बेसाल्टचा, त्यात चुंबकाकडे धावणाऱ्या लोहखनिजाचे कण असतात, आणि खडकाची माती झाली तरी ते मातीत राहतातच. प्रतिकृतीच्या इंजिनातील मोटरीत चुंबक असते. रुळालगतच्या मातीतून हे कण उडून आत गेले, की ते तेथे चिकटून बसतात आणि मोटरीचे व दात्यांचे आयुष्य खातात. अशी निवडून घेतलेली माती पाण्यात कालविलेल्या फेव्हिकॉलने बसवितात, आणि त्या पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावाच लागतो. तो टाकला नाही तर पाण्याचे मणी धुळीवरच गडगडतात, आत मुरत नाहीत. वाळल्यावर माती एक छटा काळवंडते, म्हणून तीत आधीच थोडी पांढुरकी भुकटी मिसळण्याची तजवीज करून ठेवावी लागते.

इमारतींचा प्रकार याहून नाजूक आहे. स्टेशनाच्या भिंती पुठ्ठ्याच्या, छपरावर कौलांचा आभास देणारा नालीदार कागद. दिवसाउजेडी त्यात काही उणे दिसत नाही. परंतु आत दिवा लावताच पुठ्ठा कंदिलाच्या कागदासारखा आरपार उजळतो, कोपऱ्यांच्या सांध्यांतून प्रकाशाच्या रेघा फुटतात, आणि दगडी म्हणून उभी केलेली भिंत कागदाची असल्याची कबुली आपणहोऊन देते. यावर उपाय एकच: भिंतींच्या आतल्या अंगास प्रथम काळा रंग, त्यावर खोलीचा म्हणून चुन्याचा पांढरा, आणि प्रत्येक खोलीस स्वतंत्र पडदी. पडदी कशासाठी, तर तिकीटघरात कंदील असला म्हणून शेजारच्या गुदामात उजेड पडण्याचे काही प्रयोजन नाही. गुदामास कुलूप आहे. त्याची खिडकी काळीच राहिली पाहिजे.

येथून, गृहस्थांनी ठेवलेल्या दिव्यांच्या वहीकडे वळावयास हरकत नाही. ही वही लांबट, लाल कापडी बांधणीची, आपल्याकडील पेढ्यांवर असे तशी आहे. तीत दिवा, धनी, कारण, लागण्याची वेळ आणि विझण्याची वेळ असे रकाने आखलेले आहेत, आणि एकही दिवा या दप्तरात दाखल झाल्यावाचून फळीवर जात नाही. तिकीटघरातील कंदिलाचा धनी स्टेशनमास्तर. गाडी सुटली, रोकड मोजून झाली, की वात खाली. हातबत्ती सांधेवाल्याची, तो सांध्याकडे चालला असेल तेव्हाच ती पेटलेली. चुलीची धनीण टपरीवाल्याची बायको, कारण जाळ तीच सारते. मारुतीच्या कोनाड्यातील पणती गुरवाची, आणि तिचे तेल संपले म्हणजे ती विझते. तिला वेगळी वेळ लिहिलेली नाही. गॅसबत्तीची नोंद सर्वांत मजेदार आहे. ती दिंडीची नव्हे. गावातल्या एका दुकानदाराकडून रात्रीपुरती भाड्याने आणलेली आहे, आणि म्हणून दुकानदाराचा एक पोऱ्या बत्तीवर नजर ठेवीत भजनाच्या कडेस पेंगत बसला आहे. तो पोऱ्या एकोणीस मिलिमीटरांचाही नाही. परंतु वहीत धनी म्हणून दुकानदाराचे नाव लिहावे लागले, यामुळेच त्याचा जन्म झाला.

एक नोंद मात्र तांबड्या शाईने खोडलेली आहे. फलाटाच्या दूरच्या टोकास, जेथे काहीच नाही तेथे, एक खांब आणि त्यावर एक दिवा असा पहिला बेत होता. चित्राचा तोल राखण्यास तो आवश्यक आहे असे मलाही वाटले, आणि मी तसे बोलूनही दाखविले.

“अहो, पण तिथं रॉकेल कोण घालणार?” गृहस्थांनी विचारले. “मास्तर तर घालायचा नाही. कंपनी तर त्याहून नाही.”

फलाटाचे ते टोक काळोखात गेले, आणि गंमत अशी, की तेव्हापासून स्टेशन अधिक लांब वाटू लागले. दृष्टी अंधारात शिरते, तेथे फळी संपते कोठे हे तिला कळत नाही, आणि खऱ्या मापाने साडेतीनशे फूट भरणारा तो भूप्रदेश मनाने पुढे चालू राहतो.

कंदील तयार करण्याचे काम मी जवळून पाहिले. मूळचा फूटभर उंचीचा कंदील या प्रमाणात साडेतीन मिलिमीटरांचा, म्हणजे सोलापूरकडच्या ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याहूनही कमीच. त्याच्या पोटात बसविण्याचा एलईडी एक मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद. त्याच्या दोन टोकांना केसासारख्या बारीक, वार्निश चढविलेल्या तांब्याच्या तारा भिंगाखाली डाग देऊन जोडावयाच्या, आणि त्याच तारा कंदिलाच्या बाजूच्या दांड्या म्हणून उभ्या करावयाच्या. वर काच म्हणून पारदर्शक गोंदाचा थेंब. येथवर कसब बोटांचे. पुढचा प्रश्न विवेकाचा आहे. बारा व्होल्टांच्या पुरवठ्यावर असा दिवा लावताना एक हजार ओहमांचा रेझिस्टर घालण्याचा प्रघात आहे, आणि तो घातला असता सुमारे नऊ मिलिअँपिअर प्रवाह जाऊन कंदील मोटरीच्या दिव्यासारखा डोळ्यांवर येतो. या गृहस्थांनी दहा हजार ओहमांचा घातला. प्रवाह जेमतेम एक मिलिअँपिअरवर उतरला, आणि रॉकेलच्या वातीची ती मिणमिणती, आपल्याच भोवती घुटमळणारी दीप्ती अवतरली.

तरीही वहिनींचे समाधान झाले नाही. वात वाकडी कापली गेली म्हणजे काच एका अंगाने काजळते, आणि राखेने पुसून पुसून ती कधीच सारखी स्वच्छ होत नाही, असे त्यांनी सांगितले. मग सुईच्या टोकाने गोंदाच्या त्या थेंबाच्या एका बाजूस तपकिरी रंगाचा ठिपका देण्यात आला, आणि खिडकीतला उजेड डावीकडे किंचित मंद झाला. लुकलुकण्याच्या बाबतीतही निवाडा त्यांचाच. बाजारात दिवे थरथरविणारी तयार यंत्रणा मिळते, आणि ती हाती आली की नवखा माणूस साऱ्या गावास हुडहुडी भरवितो. परंतु काचेच्या आतली वात स्थिर जळते, गॅसबत्तीही स्थिर जळते. वाऱ्याने हलते ती पणती, आणि जाळ सारताना भडकते ती चूल. म्हणून या फळीवर थरथर दोघांनाच मंजूर झाली आहे.

रंगांचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. रॉकेलची ज्योत पिवळीतांबूस, गॅसबत्तीचे जाळीदार मेंटल त्या मानाने पांढरे, चुलीचे निखारे नारिंगी. तिन्हींस एकाच जातीचा एलईडी लावला तर एकाच कारखान्यातून तिघे निघाले हे तात्काळ उघडे पडते. सांधेवाल्याच्या हातबत्तीने तर चांगलीच परीक्षा घेतली. रेल्वेच्या तेलदिव्यांतील ‘हिरवी’ काच हातात घेऊन पाहिली तर ती निळसर दिसते. कारण तीमागची ज्योत पिवळी असते, आणि पिवळ्या उजेडातून ती काच गाळून देते तो रंग दुरून हिरवा दिसतो. जुन्या हाताच्या (सेमाफोर) सिग्नलांतही हीच युक्ती होती. अशा निळसर काचेमागे आजचा पांढराशुभ्र एलईडी लावला, तर सिग्नल निळा पडतो, आणि जुन्या रेल्वेमाणसास तो पाहवत नाही. तेव्हा काच जुन्या रीतीची ठेवावयाची, तर ज्योतही जुन्या रंगाची पाहिजे.

या साऱ्या दिव्यांच्या वर आकाश आहे, आणि आकाशाचाही हिशेब द्यावा लागतो. दशमीचा चंद्र रात्री आठाच्या सुमारास माथ्याच्या दक्षिणेस असतो. म्हणून चांदणे क्षितिजाकडून तिरपे न आणता वरून पाडले आहे, आणि माणसांच्या सावल्या पायांशीच गोळा झाल्या आहेत. त्या चांदण्याचा रंग निळसर असण्याचे कारण चंद्रात नाही, आपल्या डोळ्यांत आहे. उजेड अल्प झाला म्हणजे डोळा तांबड्या रंगाची ओळख आधी विसरतो आणि निळ्याची मागाहून, ही गोष्ट पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवून ठेवली होती. फळीवर तिचा प्रत्यय येतो तो दिंडीच्या पताकेत. गॅसबत्तीचा उजेड पोचतो तेथवर पताका भगवी आहे. तिचे वरचे टोक, जे उजेडाच्या वर्तुळाबाहेर गेले आहे, ते काळे दिसते. कापड एकच, रंग एकच. खोलीतली ट्यूब विझवून काही वेळ बसल्यावाचून हे दिसत नाही, आणि पुष्कळ पाहुणे तेवढा वेळ बसत नाहीत.

प्रकाशाच्या बळावर नसलेले ते दाखविण्याची विद्या आपल्या देशात रंगभूमीने फार पूर्वीच हस्तगत केली आहे. कलकत्त्याच्या तापस सेन यांनी १९५९च्या सुमारास ‘सेतू’ नाटकात केवळ दिवे आणि ध्वनी यांच्या साहाय्याने रंगमंचावरून आगगाडी धडधडत नेली, आणि उत्पल दत्तांच्या ‘अंगार’मध्ये कोळशाच्या खाणीत पाणी चढताना दाखविले, तेथे ना गाडी होती, ना पाणी. प्रतिकृतीकारांत अशी दृष्टी असलेला थोर पुरुष म्हणजे कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे गावचा जॉन ॲलन. तो व्यवसायाने छायाचित्रकार होता. त्याने घराच्या तळघरात वसविलेल्या ‘गोरी अँड डिफीटेड’ रेल्वेत दऱ्या जमिनीपर्यंत उतरत आणि डोंगर छतास भिडत, आरशांच्या योजनेने दृश्यांस खोली येई, आणि इंजिनांवर धूर, गंज व वंगण यांचे डाग असत; इतरांच्या गाड्या खोक्यातून काढल्यासारख्या चकचकीत असण्याच्या त्या काळात हे धाडस होते. जानेवारी १९७३मध्ये तो वारला, आणि पुढे थोड्याच दिवसांत लागलेल्या आगीत ते सारे साम्राज्य जळाले. आज त्याच्याविषयी जे बोलता येते ते मुख्यतः त्याने स्वतः काढलेल्या छायाचित्रांच्या आधारे. कागदावर उतरले होते तेवढे वाचले.

आपल्या मुलांस ही कला परकी नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून रान करणारे, विटांचे बुरूज लिंपणारे आणि गवळण, वाघ व मावळा एकाच पायवाटेवर उभे करणारे पोर देखावाकारच असते. त्यातील महाराज तटाहून उंच असतात, कारण तेथे माप आदराने ठरते, फूटपट्टीने ठरत नाही, आणि ते तसेच असावे. अलीकडे मात्र या किल्ल्यांवर विजेच्या रंगीत माळा सोडण्याची चाल पडली आहे, आणि तीत किल्ला दिसेनासा होतो. महादरवाजाशी पहारेकऱ्याची एकच मशाल आणि सदरेवर एक समई एवढ्यानेच गड जागा आहे हे कळते. माळेतील दिव्यांना धनी नाही; म्हणून ती कितीही झगमगली तरी त्या गडावर कोणी राहत असल्याचे पटत नाही.

माडीवरील फळी पुरी होत आली आहे, आणि तीतील उणिवा आता कारागिरीच्या नाहीत, माहितीच्या आहेत. कॅल्थ्रॉपच्या इंजिनांना किती चाके होती आणि आसावर भार किती होता, हे पुस्तकांत सापडते. परंतु तिकीटघरातला कंदील खुंटीवर असे की टेबलावर, गाडीची वेळ टळली तर फलाटावर कोण बत्ती घेऊन येई, पहाटेच्या गाडीसाठी पहिला दिवा कोणाच्या घरी लागे, असल्या गोष्टी कोणी दप्तरात लिहून ठेवीत नाही. त्या ज्यांनी पाहिल्या ती माणसे आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर, मिरज या टापूत, अथवा आपल्या मुलखातील दुसऱ्या कोणत्याही लहान लाईनीच्या काठी, ज्यांचे बालपण गेले असे कोणी वडीलधारे आपल्या घरी असतील, तर या दिवाळीत फराळाच्या ताटाशी त्यांच्याजवळ बसावे, तुमच्या स्टेशनावर रात्री कोणता दिवा कोण लावीत असे एवढेच विचारावे, आणि मिळालेले उत्तर गावाचे नाव व तारीख घालून त्याच दिवशी लिहून ठेवावे.